बांधावाचून शिवार

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इंग्लंडातले शेतकरी राहतात तरी कुठे, असे आपण मागच्या पत्रात विचारले होते. बहुतेकांचे घर गावापासून दूर, आपापल्या शेतातच असते. पण नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन हे गाव आपल्याला ओळखीचे वाटेल, कारण तेथील विटांची घरे, गोठे आणि कोठारे गावठाणात एकाच रस्त्याला लागून आहेत आणि शिवार गावाबाहेर आहे.

शिवाराची तऱ्हा मात्र निराळी. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड असे तीन मोठे भाग, त्यांत निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या लांबट पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये ना कुंपण ना बांध. नांगराचा तास हीच हद्द. एका भागात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसरा पड, अशी पाळी दर वर्षी फिरते. पूर्वी इंग्लंडात ठिकठिकाणी हीच रीत होती; पुढे कायदे करून जमिनी एकत्र केल्या आणि कुंपणे घातली, त्यातून हे गाव सुटले. मार्क पियर्स याने १६३५ साली केलेला, पट्टी न् पट्टी दाखवणारा इथला नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

बांध नाही म्हणजे भांडण नाही, असे मात्र समजू नये. नोव्हेंबरअखेरीस गावचे पंच गव्हाचा भाग पायी फिरून तपासतात. कोणी वाटेत किंवा राखीव गवतात नांगर घातला असेल, तर ते लाकडी खुंट्या ठोकतात, त्या एका रेषेत आहेत की नाहीत हे मागे सरून, एक डोळा मिटून पाहतात आणि नाव टिपून घेतात. आठवड्याने त्यांचे ‘कोर्ट लीट’ हे मध्ययुगापासूनचे न्यायालय बसते, तेही गावच्या ‘डव्हकोट इन’ या पबमध्ये! (आईला हे वाचून दाखवू नये.) दंड किरकोळ असतो, पण चारचौघांत नाव निघते, तेच अधिक झोंबत असावे. पंच म्हणजे तेथलेच शेतकरी, त्यामुळे निकालावर वाद घालायला कोणी परका सापडत नाही. आपल्या वरच्या शेताच्या बांधाचा दावा तालुक्याला किती वर्षे रेंगाळला, हे आठवल्यावाचून राहिले नाही.

इतके असूनही हे बहुतेक शेतकरी कुळेच आहेत. जमीन १९५२ साली उमरावाकडून सरकारच्या कृषी खात्याकडे गेली, १९८१ मध्ये राजगादीच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीकडे. मालक बदलले, पंचांचा फेरा चालूच राहिला. आपल्याकडे कूळकायद्याने कसणारा मालक झाला, त्यानंतर गावची पंचायत बांधाच्या तंट्यात पडेनाशी झाली की ती आधीच मोडली होती, हे आपण सविस्तर कळवावे.

आईस नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
सुहास