सेंट लुईसहून नानांना पत्र : जळालेल्या कागदांविषयी

सेंट लुईस, मिसूरी
12 नोव्हेंबर 2023

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज लक्ष्मीपूजन. पूजा आटोपून, मुलांना फराळ वाढून हे पत्र लिहायला बसले आहे. पत्रास कारण की, गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही म्हणालात, ‘अमेरिकेत माजी सैनिकाला मान मोठा, आपल्याकडे पेन्शनीत आलेल्या जवानाला बँकेच्या रांगेतही कोणी ओळखत नाही.’ मी तेव्हा नुसते ‘हो’ म्हणून फोन ठेवला आणि नंतर कितीतरी दिवस ते उत्तर मला खुपत राहिले. मान आहे, हे खरे आहे. परंतु गेली दोन वर्षे दर शनिवारी वाचनालयात माजी सैनिकांना सरकारी दाव्यांच्या कामात मदत करणाऱ्या ज्या टेबलापाशी मी बसते, तिथून जे दिसते ते निराळे आहे. ते तुम्हाला सांगितलेच पाहिजे, कारण हेच काम तुम्ही आपल्या ओसरीवर बसून वर्षानुवर्षे करत आला आहात.

काल इथे माजी सैनिकांचा दिवस होता. 11 नोव्हेंबर 1918 रोजी सकाळी अकरा वाजता पहिले महायुद्ध थांबले, त्या आठवणीचा हा दिवस 1954 पासून सर्वच युद्धांतल्या माजी सैनिकांच्या नावे पाळला जातो. दारोदार झेंडे लागले होते, काही हॉटेलांनी त्यांना विनामूल्य जेवण दिले, आणि टोपीवरचे पलटणीचे नाव वाचून अनोळखी माणसे थांबून ‘तुमच्या सेवेबद्दल आभार’ म्हणत होती. ती मनापासून म्हणतात. मात्र त्याच माणसाचा निकामी गुडघा, कानात अहोरात्र वाजणारी शिट्टी किंवा मध्यरात्री घामाघूम होऊन येणारी जाग ही नोकरीतच जडली, हे सरकारदरबारी मान्य होण्यात कधी कधी उभा जन्म जातो.

टेबलावर आम्ही तिघे असतो. दावा दाखल करणारे गृहस्थ मान्यताप्राप्त प्रतिनिधी आहेत. मी फक्त कागद लावते, तारखा जुळवते, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना वाचून दाखवते. इथे डीडी-214 नावाचा कागद असतो, तो म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणारे आपले डिस्चार्ज बुकच समजा. त्याच्याशिवाय दवाखाना, घरकर्ज, शिक्षणाचा खर्च, इतकेच काय, लष्करी इतमामाचे दफनही अडते. अपंगत्वाच्या भरपाईसाठी तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आजचा आजार, नोकरीत घडलेला प्रसंग, आणि या दोहोंना जोडणारे वैद्यकीय मत. मग दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी अपंगत्व ठरते. आपल्याकडची ‘सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे वाढलेले’ ही अट तुम्हाला तोंडपाठ आहे, तिचीच ही बहीण. कायद्याने संशयाचा फायदा सैनिकालाच द्यायचा असतो, दोन्ही बाजू सारख्या भरल्या तर निकाल त्याच्या बाजूने लागतो. पण पारड्यात टाकायला मुळात काहीतरी हाती असावे लागते.

आणि इथेच आमच्या शहराची गोष्ट येते. देशभरच्या निवृत्त सैनिकांच्या नोंदी सेंट लुईसमध्ये ठेवलेल्या असतात. 12 जुलै 1973 रोजी मध्यरात्रीनंतर त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. पुठ्ठ्याच्या खोक्यांत खच्चून भरलेले कागद, आणि पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणा त्या मजल्यावर नव्हती. आग पूर्ण विझायला चार दिवसांहून अधिक लागले. 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली गेल्या. 1912 च्या नोव्हेंबरपासून 1960 च्या आरंभापर्यंत लष्करातून बाहेर पडलेल्या माणसांच्या सुमारे ऐंशी टक्के नोंदी त्यात होत्या, म्हणजे दोन्ही महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध. हवाई दलातून 1947 ते 1964 या काळात निवृत्त झालेल्यांपैकी वर्णानुक्रमाने ‘हबर्ड’ या नावानंतर येणाऱ्यांच्या सुमारे पंचाहत्तर टक्के फायली जळाल्या. आडनावाच्या पहिल्या अक्षरावर कोणाचे म्हातारपण सुखाचे जाईल हे ठरले. या फायलींची दुसरी प्रत नव्हती, सूक्ष्मचित्रे नव्हती, पूर्ण सूचीदेखील नव्हती. जे वाचले ते पाण्याने भिजले आणि बुरशीने धरले. विमाने बांधणाऱ्या एका कंपनीच्या निर्वात कोठडीत ते ओले कागद वाळवले, हे वाचताना मला 2019 च्या महापुरानंतर गावभरची डिस्चार्ज बुके स्लॅबवर वाळत घालून, वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकेकावर खडा ठेवणारे तुम्ही दिसलात. कडा जळालेली ती पाने साफ करून वाचण्याचे काम इथे पन्नास वर्षांनंतर आजही चालू आहे.

गेल्या वर्षी एक आजोबा आले. 1950 च्या हिवाळ्यात ते सातव्या पायदळ डिव्हिजनमधून कोरियात, चोसिन जलाशयापाशी होते. रात्री पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरे, औषधाच्या बाटल्या गोठत, आणि पायांतल्या बुटांत घाम गोठून बर्फ होई. त्यांची तीन बोटे तिथेच गेली, आणि उरलेल्या पावलांना आज 73 वर्षांनंतरही थंडीत इतकी आग होते की पांघरुणाचा स्पर्श सोसत नाही. 1976 साली त्यांनी अर्ज केला, तेव्हा ‘नोंद उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. हिमदंशाचा कागद आगीत गेला होता. ते कोणावर चिडले नाहीत. ट्रक चालवून त्यांनी संसार केला आणि पुन्हा त्या दारात गेले नाहीत.

आमच्या प्रतिनिधींना ठाऊक होते की त्या युद्धकाळातल्या लष्करी इस्पितळांच्या भरतीची माहिती संगणकाच्या फितींवर निराळी जतन झाली होती आणि ती 1988 मध्ये इथल्या कार्यालयाकडे आली. तिच्यात माणसांची नावे नाहीत, फक्त लष्करी क्रमांक आहेत. मी आजोबांना क्रमांक विचारला. त्यांनी आठही आकडे एका दमात सांगितले, जसा तुम्ही तुमचा सांगता. त्या क्रमांकापुढे इस्पितळ होते, महिना होता, हिमदंश होता. यंदा जुलैत त्यांचे दोन्ही पायांचे अपंगत्व मान्य झाल्याचे पत्र आले. पहिल्या अर्जापासूनची थकबाकी द्यावी ही मागणी अजून पडून आहे, आणि आजोबा 92 वर्षांचे आहेत. कोरियाच्याच युद्धात गेलेल्या आपल्या सैन्याच्या वैद्यकीय तुकडीविषयी, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या 60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सविषयी, तुम्ही लहानपणी आम्हाला सांगायचात, माघारीच्या वेळी औषधे मागे टाकायला नको म्हणून आपल्या लोकांनी आगगाडीचे इंजिन स्वतः चालवत नेले ते. मी ते आजोबांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ माझा हात धरून बसले होते.

नाना, आगीला निदान कोणी शत्रू म्हणणार नाही. पण जिथे कागद जळाला नव्हता तिथेही तेच घडले, याचे मला अधिक वाईट वाटते. व्हिएतनाममध्ये 1962 ते 1971 या काळात जंगले उघडी करण्यासाठी ‘एजंट ऑरेंज’सारखी तणनाशके विमानांतून फवारली, त्यांतल्या डायॉक्सिनने व्हिएतनामी लोकांच्या पिढ्या नासल्या आणि खाली उभे असलेले अमेरिकी सैनिकही आजारी पडले. सैनिकाने स्वतः पुरावा आणण्याची गरज नाही, अमुक आजार झाला तर तो त्यामुळेच असे गृहीत धरावे, हा कायदा 1991 मध्ये झाला. तोवर कितीतरी जण गेले होते. पुढे इराक-अफगाणिस्तानात छावण्यांचा कचरा, प्लास्टिक, बॅटऱ्या, दवाखान्यातली घाण, सारे विमानाचे इंधन ओतून उघड्या खड्ड्यांत जाळले, आणि त्या धुरात वर्षभर राहिलेल्या तरुणांचे फुप्फुसांचे दावे पुन्हा पुराव्याअभावी फेटाळले गेले. 2022 च्या जुलैत त्यांच्यासाठीचे विधेयक सिनेटमध्ये अडले, तेव्हा आजारी माणसे आणि सैनिकांच्या विधवा संसदेच्या पायऱ्यांवर रात्रंदिवस बसून राहिल्या. 10 ऑगस्टला ‘पॅक्ट’ कायद्यावर सही झाली. त्याच राजधानीत 90 वर्षांपूर्वी, 28 जुलै 1932 रोजी, कबूल केलेला बोनस मंदीच्या दिवसांत लवकर मागायला आलेल्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या झोपड्या जनरल मॅकार्थरच्या तुकड्यांनी रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन उठवल्या होत्या. सैनिकावर सैनिक घातला गेला, ही गोष्ट मी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

1944 च्या ‘जीआय बिल’ या कायद्याने लाखो सैनिकांना कॉलेज आणि घर दिले, हे तुम्ही ऐकले असेल आणि ते थोर काम होते; मात्र 1947 मध्ये मिसिसिपी राज्यात त्या योजनेखाली हमी मिळालेल्या 3,229 कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला दोनच आली. गोळी दोघांनाही सारखीच लागली होती.

सर्वांत कठीण जातो तो ‘वाईट कागद’, म्हणजे अपमानास्पद शेऱ्याचा डिस्चार्ज, घेऊन येणारा तरुण. युद्धाने मन दुखावते, हे वैद्यकशास्त्राच्या इथल्या अधिकृत सूचीत 1980 साली आले. त्याआधी आणि नंतरही दारू, भांडण, गैरहजेरी अशा कारणांनी ज्यांना अपमानास्पद शेरा मारून काढले, त्यांच्यातल्या अनेकांचा तो वेडेवाकडेपणा मुळात जखमेचाच होता. अशा अर्जांकडे उदारपणे पाहावे, असा आदेश संरक्षणमंत्र्यांनी 2014 मध्ये काढला खरा, पण तोही अर्ज करणाऱ्यालाच लाभतो, आणि ज्याला दार उघडून बाहेर यायचेच बळ नाही तो अर्ज कुठून करणार? एकट्या 2021 या वर्षात 6,392 माजी सैनिकांनी आत्महत्या केली. आमच्या टेबलाशी एक मुलगा दोनदा येऊन फॉर्म न भरता परत गेला. तिसऱ्या खेपेला मी त्याच्याशी फॉर्मविषयी बोललेच नाही, चहा दिला. आता तो येत्या शनिवारी येणार आहे, आईने जपलेली त्याची पत्रे घेऊन.

म्हणून एक मागणे आहे. पुरात भिजलेली जी डिस्चार्ज बुके आणि पेन्शनचे कागद तुमच्या लोखंडी ट्रंकेत आहेत, त्यांचे स्कॅन धाकट्याकडून करवून एक संच मला पाठवा. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात मूळ नोंद असली तरी आपल्याजवळ निराळी प्रत असू द्या. आणि वरच्या आळीतल्या काकूंच्या कुटुंब पेन्शनमध्ये नावातल्या एका अक्षराची जी चूक निघाली होती, ती दुरुस्त झाली का, ते कळवा. नसेल झाली तर त्यांच्या लग्नाच्या नोंदीची नक्कल ग्रामपंचायतीतून काढून ठेवा. मी पुढच्या महिन्यात आले की आपण दोघे सैनिक कल्याण कार्यालयात जाऊ.

काकूंना नमस्कार. धाकट्याला आशीर्वाद.

तुमची पुतणी