दिवा विझवू नका, आधी कोड वाचा

संपादक यांस,

स. न. वि. वि.

पीयूसीची तारीख जवळ आली आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटलेला असला, की ‘बॅटरीचं टर्मिनल काढून लावा, दिवा जातो’ हा सल्ला हमखास मिळतो. बऱ्याच गाड्यांत तो जातोही. पण त्याबरोबर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड आणि दोष आला त्या क्षणाचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान ही नोंदही पुसली जाते. मग मेकॅनिक अंदाजाने सुटे भाग बदलत बसतो आणि बिल आपण भरतो.

दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल आणि तापमान किंवा ऑइलचा लाल दिवा नसेल, तर बेताने चालवत गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होते आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली चिनीमातीची जाळी वितळते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. वाळल्या गवतावर मात्र उभी करू नका.

स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून आधी कोड लिहून घ्या. कोड लक्षण सांगतो, कोणता भाग बदलायचा ते नव्हे. ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी वीज देणारी वेगळी कॉइल असेल, तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावून पाहा. कोड ‘पी ०३०३’ झाला तर दोष कॉइलचा. तो दुसऱ्यावरच राहिला तर स्पार्क प्लग आणि इंजेक्टर तपासा. ‘पी ०४२०’ (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) आला की लगेच नवा कन्व्हर्टर सांगितला जातो. त्याआधी एक्झॉस्टची गळती आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर पाहून घ्यावा, कन्व्हर्टरच्या तुलनेत ते काम स्वस्तात होते. इंटरनेटवरचा ‘टाकीचं झाकण घट्ट करा’ हा सल्ला अमेरिकेचा. तिथल्या गाड्या टाकीतील वाफेची गळती तपासतात. आपले नियम युरोपच्या धर्तीचे, त्यांत ती सक्ती नाही.

एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ (प्रदूषण मानक) डिझेल गाड्यांत आणखी एक दिवा असतो, डीपीएफचा, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा. हा फिल्टर काजळी अडवतो आणि ती सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळतो. रोज चार-पाच किलोमीटर, तेही सिग्नल ते सिग्नल, अशा वापरात एक्झॉस्ट तेवढे तापतच नाही. दिवा लागला की टाकीत पाव टाकीहून जास्त डिझेल आहे ना ते पाहा आणि मोकळ्या हायवेवर ताशी ६० ते ८० किमी वेगाने, एक गिअर खाली ठेवून, इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या वर राखत १५-२० मिनिटे न थांबता चालवा. नेमका वेग आणि वेळ गाडीच्या पुस्तिकेत असते. गाडी थांबवल्यावरही आयडलिंग (उभ्या गाडीतले इंजिनाचे फेरे) वाढलेले, पंखा जोरात आणि गरम वास येत असेल, तर जाळण्याचे काम चालू आहे. इंजिन बंद करू नका. ते वारंवार अर्धवट राहिले तर त्यासाठी जादा फवारलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी ओढून पाहा: पातळी ‘मॅक्स’च्या वर दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी पळवू नये. डीपीएफच्या जोडीला इंजिनाचाही दिवा लागला, की हायवेचा उपाय संपला. स्कॅनरने करायचे फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे काजळी मुद्दाम जाळून टाकणे, सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

काही ठिकाणी डीपीएफची जाळी फोडून सॉफ्टवेअरने दिवा बंद करून देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार असा बदल बेकायदा आहे. पीयूसीत पास झालो म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेलच्या धुराची दाटी हेच तिथे प्रामुख्याने मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा ईजीआर व्हॉल्व्ह बंद पडलेली गाडीही दिवा पेटलेला असताना प्रमाणपत्र मिळवू शकते. परिवहन विभागाने पीयूसी केंद्रांवर निदान हा दिवा पाहणे सक्तीचे करावे. इग्निशन ऑन केल्यावर तो पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही हे करून पाहावे. ऑन केल्यावर दिवा पेटलाच नाही, तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता मोठी.

— मोटार दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, चिंचवड