विमा कंपनीतला पोहण्याचा तलाव

इप्सविच, इंग्लंड

ती. बाबांना सा. न.

गुडघ्याचं आईकडून कळलं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम टाळू नका. इथे सगळं ठीक आहे, फक्त पाऊस थांबत नाही.

परवा एका कलावंताची फिल्म पाहिली. विषय विमा कचेरीचा, म्हणून तुम्हाला लिहायलाच बसले. फिल्मला गोष्ट अशी नाहीच, कॅमेरा नुसता इथल्या विलिस बिल्डिंगमध्ये रेंगाळतो. विलिस फेबर अँड ड्यूमास या विमा दलालांसाठी वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांनी ती बांधली, १९७५ मध्ये. रस्ता वळेल तशी वळत गेलेली काळसर काचेची भिंत. दिवसा तिच्यात समोरची घरं तुकड्यातुकड्यांनी दिसतात, पलीकडचं १७०० सालचं प्रार्थनाघरसुद्धा. अंधार पडून आत दिवे लागले की मात्र काच आहे की नाही असं वाटतं. कोण खुर्चीवर कोट टाकून गेलंय तेही रस्त्यावरून दिसतं.

पण खरी गंमत आत आहे. सुमारे १३०० माणसांचं ऑफिस, आणि मजले मोकळे. मधोमध सरकते जिने, त्यामुळे साहेब असो की कारकून, वर जाताना सगळ्यांच्या नजरेसमोरून जाणार. गच्चीवर हिरवळ आणि रेस्टॉरंट. तळमजल्यावर चक्क पोहण्याचा तलाव! जेवणाच्या सुट्टीत पोहून यायचं आणि ओल्या केसांनी पॉलिसीचे कागद पुढे ओढायचे. काका म्हणतील, मग कामं कधी करायची?

पुढे कंपनीला ती जागा टेबलांसाठी हवी झाली. १९९१ मध्ये इमारत सर्वोच्च श्रेणीची संरक्षित वास्तू ठरली, वय अवघं सोळा वर्षं! तलाव मोडला नाही, त्यावर जमीन टाकून ऑफिस मांडलं. फिल्ममध्ये कॅमेरा त्या जमिनीवरून इतका सावकाश सरकतो की माझ्या शेजारचे आजोबा चुळबुळ करायला लागले. हौद कायद्याने वाचला, पोहणं कसं वाचणार?

फिल्मचा सूर हळहळीचा आहे आणि तो मला अर्धाच पटला. माणसाला सगळं ऑफिसातच दिलं की तो घरी उशिरा जातो, हेही खरं ना? मला जास्त लागलं ते मोकळ्या मजल्याचं. तेव्हा भिंती काढल्या त्या माणसं एकमेकांत मिसळावीत म्हणून. आज आमच्या ऑफिसातही भिंती नाहीत, पण ते भाडं वाचवायला. कोणाचं टेबल ठरलेलं नाही. सकाळी लॉकरमधून लॅपटॉप काढायचा आणि रिकामी खुर्ची शोधायची. उशीर झाला तर प्रिंटरशेजारी. घरच्यांचा फोटो ठेवायचा तरी कुठे? दिसायला दोन्ही मजले सारखेच.

तुमच्या साताऱ्याच्या ऑफिसात साहेबांच्या केबिनला ते झुलतं अर्धं दार होतं, बाहेर स्टुलावर शिपाई. तिथे असा तलाव बांधला असता तर साहेब आणि शिपाई एका वेळी पाण्यात उतरले असते का? तुम्ही उतरला असता? खरं लिहा, आईला विचारून नको.

मेतकूट संपत आलंय. मावशीचा मुलगा पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्याबरोबर पाठवा. आईला नमस्कार, चिंगीला पापा.

तुमची,
मनू