अर्णवला वाचून दाखवणं बंद करू नकोस

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालीस की अर्णव आता तेरा वर्षांचा झाला, स्वतःचं स्वतः वाचतो, त्यामुळे रात्रीचं वाचून दाखवणं फक्त ईरासाठीच उरलंय. मला ते काही पटलं नाही गं. खरी गरज तर आत्ता आहे, कारण या वयात पोरं आईबापाशी स्वतःबद्दल धड बोलत नाहीत पण गोष्टीतल्या पोराबद्दल मात्र भरभरून बोलतात, आणि त्यात त्यांचंच बरंचसं येऊन जातं.

त्याच्यासाठी आधी 'द नाइट डायरी' आण. वीरा हिरानंदानींचं, 2018 चं, तुमच्या तिकडच्या लायब्ररीत नक्की मिळेल. 1947 साल, सिंधमधलं मीरपूर खास, निशा नावाची बारा वर्षांची मुलगी, वडील हिंदू डॉक्टर, आई मुसलमान आणि ती बाळंतपणातच गेलेली. घरचा स्वयंपाकी काझी वाढदिवसाला निशाला डायरी देतो आणि ती रोज रात्री त्यात आपल्या आईला पत्र लिहिते. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण काझीजवळ स्वयंपाकघरात ती खुलते, आणि घर सोडायची वेळ येते तेव्हा काझीलाच मागे ठेवून निघावं लागतं. तिथे आलीस की जरा थांब. पुढचं पान घाईने उलटू नकोस, अर्णव काय म्हणतो ते ऐक. आणि त्याला आपल्या उल्हासनगरचंही सांग, तू लहान असताना आपण कॅम्प दोनला कापड घ्यायला जायचो ना, तो कॅम्प म्हणजे फाळणीनंतर सिंधी लोकांना ज्या मिलिटरीच्या छावणीत ठेवलं होतं तीच. आजीच्या घरापासून इतक्या जवळ ही गोष्ट येऊन थांबते हे त्याला कळायलाच हवं.

दुसरं 'व्हेन स्टार्स आर स्कॅटर्ड', 2020 चं. हे चित्रांमधून सांगितलेलं आहे, कॉमिकसारखं, पण म्हणून हलकंफुलकं समजू नकोस. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत वाढलेल्या ओमर मोहम्मदची स्वतःची गोष्ट आहे, व्हिक्टोरिया जेमिसनबरोबर त्यानेच सांगितलेली. धाकटा भाऊ हसन जवळपास बोलतच नाही, त्याला फिट्स येतात, आणि ओमरला शाळेत जायची संधी मिळते तेव्हा त्याच्या डोक्यात एकच, हसनकडे कोण बघणार. मी वाचताना दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. अर्णव ईरावर चिडतो म्हणालीस ना, त्याबद्दल एक शब्दही न बोलता हे पुस्तक फक्त वाच.

मराठीतलं 'खारीच्या वाटा' मी स्वतः रविवारी व्हिडिओ कॉलवर वाचणार आहे, तू मधे पडू नकोस. ल. म. कडूंची कादंबरी आहे, 2017 ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेली, धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातल्या पोराची गोष्ट. एखादा शब्द अडला तर अडू दे, लगेच इंग्रजीत सांगायला धावू नकोस, मागचंपुढचं ऐकून कळतं मुलांना.

ईरासाठी माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' पाठवते, ते जुनं आहे पण त्याला तोड नाही, चित्रंही त्यांचीच. घरातली माणसं जशी असतात तशीच, कुठेही उपदेश नाही, आणि मला मुलांच्या पुस्तकातला उपदेश अजिबात चालत नाही हे तुला माहितीच आहे. बाकी 'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, तुला हवे तेवढे उघड.

सचिनरावांनाही सांग, एक दिवस त्यांनी वाचायचं. बाबांनी वाचलेलं पोरांना वेगळं लागतं. पुस्तकं पुढच्या आठवड्यात कुरिअर करते, घराचा पिनकोड नीट मेसेज कर.

तुझी,
आई