रोजच्या गाडीला कोणते शॉकअप?

संपादक साहेब, नमस्कार.
पुण्यात हल्ली थार नाहीतर जिमनी घेतली की लोक लगेच लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) आणि भारीतले शॉकअप (धक्के झेलणारे शॉक ॲब्झॉर्बर) टाकायच्या मागे लागतात, पण गाडी आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्येच असते आणि ताम्हिणीकडे जाते कधीतरी रविवारी, हे कोणी बघतच नाही. दुकानदार पण विचारत नाही. शॉकअप मुख्यतः दोन प्रकारचे, एका नळीचा मोनोट्यूब आणि दोन नळ्यांचा ट्विन ट्यूब. मोनोट्यूबमध्ये नायट्रोजन वायू तेलापासून वेगळ्या कप्प्यात असतो, तेलाला फेस येत नाही आणि नळी एकच असल्याने उष्णता पटकन बाहेर जाते, म्हणून लांबच्या खडबडीत रस्त्यावर तो दमत नाही. पण दगड लागून नळीला पोचा पडला की आतला पिस्टन अडकतो, संपलं! ट्विन ट्यूबला आत दुसरी नळी असते, तो छोटा पोचा सहन करतो, स्पीडब्रेकरवर सहसा मऊ चालतो आणि स्वस्तही पडतो. माझं स्पष्ट मत, रोजच्या गाडीला चांगला गॅसवाला (तेलासोबत गॅसही भरलेला) ट्विन ट्यूबच घ्या.

आणि वजन बघा हो. स्टीलचा बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), कॅरियर लावलेल्या गाडीसाठीचा कडक शॉकअप रिकाम्या गाडीला बसवला की मागे बसलेल्या आईबाबांची कंबर जाते. तुमच्या वाहनांच्या पानावर नव्या गाड्यांचे फोटो येतात तसं हे पण छापा ना, लोक पैसे घालवण्याआधी वाचतील तरी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे