आबा, पेढे थांबवा

ती. आई आणि आबांना सा. न.,

आबा, चोपड्याला पेढ्यांचं सांगून ठेवलंय म्हणालात, म्हणून फोन न करता लिहितेय. पेढे थांबवा. आपल्या बांधावरचं माकडशिंग, ते भाजीचं रसाळ झाड, शास्त्राला नवी जात नाही.

चूक माझीच. मागच्या भादव्यात मी एकाच झाडाची फुलं पाहिली. पाकळीच्या कडेला लव नव्हती, तेवढ्यावर हुरळले आणि तुम्हाला सांगून बसले. यंदा बांधावरची बारा झाडं भिंगाखाली धरली. कुणाला दाट लव, कुणाला तुरळक, कुणाला नाहीच. म्हणजे एकाच घरातली गोरी-सावळी पोरं. हे झाड रॉक्सबर्ग नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1795 मध्येच नोंदवलंय. लव असलेल्याला पुढे वॉलिच या दुसऱ्या शास्त्रज्ञानं 'फिंब्रिआटा' म्हटलं, म्हणजे झालरवाली. ही सगळी नावं आणि जुने नमुने आधी चाळायचे असतात. मी नंतर चाळले.

आई, तू म्हणाली होतीस, "त्यानी भाजी करीसन खातस आपन, नवं कसानं?" निकाल तुझ्यासारखा लागला, पण कारण ते नव्हे. पिढ्यानपिढ्या भाजी खाल्ली तरी जात शास्त्राला नवी असू शकते. तिचं वर्णन छापून यायला हवं आणि एक वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, कायमचा ठेवायला हवा. पुढे कुणाला शंका आली, तर त्याच नमुन्याशी ताडून बघतात.

वाळवणं हाच मोठा ताप! केळीचं पान दाबलं की वाळतं. माकडशिंग वर्तमानपत्रात दाबून तीन आठवड्यांनी उघडलं, तर बातम्यांवर हिरवा कोंब! आता आधी उकळत्या पाण्यात बुडवते, फुलं वेगळी स्पिरिटमध्ये ठेवते.

काम संपलेलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे अजून चार-पाच बांध बघायचेत. आबा, तोवर जेसीबीवाल्याला बांधाकडे फिरकू देऊ नका. काटल्यावर पांढरा चीक आला तर तो शेर किंवा निवडुंग, तो काढा हवा तर. माकडशिंगाला चीक नसतो, पाण्यासारखा रस येतो. आणि जागा कुणाला सांगू नका. अशी झाडं उपटून विकणारे असतात.

डालड्याच्या डब्यातल्याला रोज पाणी घालतेस ना, आई? पंधरा दिवसांतून एकदा घाल. मागचं सडलं ते उन्हानं नव्हे.

तुमची,
बेबी