काकू ओट्यावर काय बोलायच्या?

पुणे, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

दोन वर्षं तुझे फोन उचलले नाहीत. मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तिलाही उत्तर नाही. तू चिडला असशील आणि तुझं बरोबर आहे. प्रकृती ठीक. माझी शुगर गोळीवर आहे, सुमनचे गुडघे दुखतात. कारण वेगळंच आहे.

चिन्मयला स्किझोफ्रेनिया आहे. हे तुला कळवायला दोन वर्षं लागली. आणि तुझ्या तर घरात दादांचंही असंच होतं.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सुरू झालं. खोलीबाहेर येईना, आंघोळ बंद, पंख्यातून कोणी बोलतंय म्हणायचा. मी सहा महिने त्याला आळशी म्हणत होतो. रोज सकाळी पांघरूण ओढायचो. मग कोणीतरी सांगितलं म्हणून पाच अमावास्या देवाच्या दारी घालवल्या. डॉक्टरकडे पोचलो तोवर वर्ष उलटलं होतं. गोळी घेईना, म्हणून सुमन वरणात औषधाचे थेंब घालायची आणि तो ताट संपवतो का ते मी दारात उभा राहून बघायचो. एक दिवस त्याने बाटली बघितली. त्यानंतर बावीस दिवस घरातलं काही खाल्लं नाही. फक्त पार्ले-जी, तोही पुडा स्वतः फोडून. जेवणात कोणी काही घालतंय असं त्याला आधीपासून वाटायचं, दिल्या. आणि आम्ही खरंच घालत होतो.

त्याच दिवसांत एका बाईंनी धायरीचा पत्ता दिला. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, सगळे नुसतं 'सा' म्हणतात. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. त्यांनी 1997 मध्ये ही संस्था सुरू केली. तिथे घरच्या माणसांचा स्वमदत गट बसतो. मला वाटलं, सगळे मिळून रडत असतील. तसं काही नाही. क्लोझापिन हे औषध चालू केलं की सुरुवातीला दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, तर ती तपासणी कुठे स्वस्त पडते. 2017 च्या कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला हवा, तर अर्ज कसा लिहायचा. एकाने विचारलं, "आंघोळीचं तुम्ही कसं करता?" आणि सहा जणांनी उत्तरं दिली. कोणी 'अरेरे' म्हटलं नाही. माझ्या सख्ख्या भावाने म्हटलं होतं, आणि नंतर येणंच सोडलं.

एक निवृत्त शिक्षक येतात. त्यांनी लंडनच्या जुन्या अभ्यासाचं सांगितलं. 1950 च्या दशकात इस्पितळातून सुटून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा बिघडत. पुढे शोध घेतला तेव्हा दिसलं की सतत टोमणे, राग आणि अतिकाळजी असलेल्या घरात आजार जास्त उलटतो. आजार आपल्यामुळे होत नाही, हे ते दोनदा म्हणाले. तरी मला ते पांघरूणच दिसत होतं.

थेंबांचं मी बोललो तेव्हा एक आई म्हणाली, "मी पण घालत होते. शेवटी मुलीची माफी मागितली." घरी येऊन मी बंद दाराशी बसलो आणि माफी मागितली. आतून आवाज आला, "आजपण घातलंय?" नाही म्हटलं. "बाटली कुठाय?" दार उघडलं आणि मी ती त्याच्या हातात दिली. चार दिवसांनी त्याने अर्धी भाकरी खाल्ली. आता तो डॉक्टरांशी डोसावरून स्वतः हुज्जत घालतो, आपल्या दोघांसारखी. आवाज गेलेले नाहीत, कमी झालेत. वजन चौदा किलो वाढलंय. कॉलेजचं आम्ही सध्या बोलत नाही.

हे पत्र मात्र आजच्या बैठकीमुळे. एक नवे गृहस्थ आले. दाराजवळ बसले, हेल्मेट मांडीवर, कधीही उठून जातील असे. पहिले तीन वेळा मी तिथेच बसलो होतो. म्हणाले, "पोरगा नुसता लोळतो हो, आमच्यात असं आळशी कोणी नव्हतं." मला त्यांच्याशी बोलायला सांगितलं. मी पांघरुणाचं सांगायला लागलो आणि मधेच कराडचा स्टँड आठवला. बोलताच येईना. शेजारच्या बाईंनी त्यांच्या हातात टेलिमानस या सरकारी मानसिक मदतीच्या फोनसेवेचा 14416 नंबर लिहून दिला आणि मला पाणी.

तुला कधी सांगितलं नाही. दादा तुझा डबा घेऊन स्टँडवर आले होते. माझं नाव घेऊन हाका मारत होते, स्वतःशी बोलत, शर्टाची बटणं चुकलेली. माझ्याबरोबर वर्गातली पोरं होती. मी बसमध्ये चढलो. ते खिडकीखालून डबा वर धरून बसबरोबर चालत राहिले. तू रात्री विचारलंस, "दादा भेटले का?" मी नाही म्हटलं. तू उपाशी झोपलास.

त्यानंतर मी तुमच्या घरी यायचं सोडलं. मियांदादच्या त्या सिक्सवरून ट्रान्झिस्टर फुटला, आपण कडाकडा भांडलो, त्याचा राग मी धरलाय असं तू समजलास. मीही समजू दिलं. (तो तूच आपटलास, हे मी मरेपर्यंत म्हणणार.) पण मी येत नव्हतो तो दादांमुळे. मला त्यांची लाज वाटायची. आता चिन्मयबरोबर लिफ्टमध्ये शिरलो की लोक जिने चढून जातात.

तुमचा ऊस गेला का कारखान्याला? वहिनींचं ऑपरेशन झालं असं कानावर आलं, आता कशा आहेत? मुलगी सासरी रमली का, ते सविस्तर लिही.

आणि एक सांग. रात्री दादांना झोप नसायची तेव्हा काकू त्यांच्याबरोबर बाहेर ओट्यावर बसायच्या. मी तुमच्याकडे झोपायला असलो की त्यांचा हळू आवाज यायचा. चिन्मय पहाटे तीनला उठून गॅलरीत उभा राहतो. मी शेजारी जाऊन उभा राहतो आणि काय बोलावं ते कळत नाही. काकू काय बोलायच्या रे? आठवेल तेवढं लिही. फोन केलास तरी चालेल, आता उचलेन.

तुझा,
बाळ्या